दोन नंबरचा मॉनिटर

बसा, चहा होईस्तोवर सांगतो. पर्वत पाटिया भागात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो, मशीन खोटं बोलत नाही, मशीनवाला बोलतो. स्क्रीन काळी पडली की जो तो म्हणणार, मी काहीच केलं नाही हो. केलेलं असतंच. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा कुणी सुरू केल्या की माझं डोकं फिरतं.

त्या रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, अडाजणहून वंदनाकाकूंचा फोन आला. त्यांचे यजमान अविनाशकाका हजिऱ्याला कंपनीत होते, माझं जुनं गिऱ्हाईक. तीन महिन्यांपूर्वी वारले. मुलगी अपर्णा मेलबर्नला, दर रविवारी दुपारी एकला व्हिडिओ कॉल करते. पण काका गेल्यापासून आवाज येतो, चित्र येत नाही, सहा वर्षांच्या नातीचं तोंड पाहिलं नाही, असं काकू सांगत होत्या. मोबाइल त्यांचा बटणांचा, दुसरा शिकायला तयार नाहीत. आज तरी ओवी दिसू दे, पंडितभाऊ, म्हणाल्या. मग कसला रविवार अन् कसलं काय, निघालो.

बारा वाजून गेले होते. खोलीत उन्हासाठी पडदे ओढलेले, फिनेलचा वास आणि पंख्याची कुरकुर. कॉम्प्युटर बारा वर्षांचा म्हातारा. मी डबा उघडला, धूळ काढली, रॅम खोडरबराने घासली, वायर बदलली. सगळं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! स्क्रीन चांगली ठणठणीत होती. बिघाड वेगळाच निघाला. कुठलीही विंडो उघडली की ती हळूहळू उजवीकडे सरकायची आणि काठाबाहेर निघून जायची.

सेटिंग उघडलं. तिथे दोन चौकोन शेजारी शेजारी, एक आणि दोन. म्हणजे मशीनच्या मते दोन मॉनिटर जोडलेले होते, आणि उजवीकडे सरकलेली विंडो दोन नंबरवर जात होती. काकूंना विचारलं तेव्हा कळलं, काकांना अर्धांगवायू झाला, दोन वर्षं याच खोलीत, टेबलाच्या उजव्या हाताला लोखंडी कॉटवर पडून होते. उठता येत नव्हतं. म्हणून उशाशी स्टुलावर दुसरा मॉनिटर लावला होता, पडल्या पडल्या नात दिसावी म्हणून. ते गेल्यावर कॉट आश्रमाला दिली, मॉनिटर भंगारात गेला.

मी मनात हसलो. जुनी सेटिंग राहिली असेल. खात्री करायला डब्यामागे वाकून पाहिलं. दुसऱ्या मॉनिटरचं कार्डसुद्धा कुणी तरी काढून नेलेलं. वायर लावायला जागा एकच आणि तिच्यात वायरही एकच. मग हा दोन नंबर मशीनला दिसतो कुठे? खरं सांगतो, डबा बंद करून निघावंसं वाटलं. पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही. ‘फक्त एकवर दाखवा’ दाबलं आणि दोनचा चौकोन विझला.

बरोबर एकला कॉल आला. विंडो जागची हलली नाही. ओवी दिसली, पुढचे दोन दात पडलेली. काकूंनी काचेवर बोट ठेवलं आणि रडायलाच लागल्या. मला फार बरं वाटलं.

पोरगी मात्र आजीकडे बघेना. आजीच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली.

“आजी, आजोबांना आता दिसत नाहीये.”

अपर्णाने तिला ओशाळून मागे ओढलं. आई, मनावर घेऊ नकोस, ही दर रविवारी असलंच काहीतरी बोलते, म्हणाली.

“ते विचारतायत...” ओवी हळूच म्हणाली, “अंधार का केला?”

काकूंनी पदराने डोळे पुसले. नातीला किती तरी वेळ डोळे भरून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

“होतं तसं करा.”

मी म्हटलं, काकू, मग ओवी तुम्हाला दिसायची नाही.

“मला आवाज पुरतो. उद्या विमानात बसून मी जाईन तिच्याकडे... ह्यांना कुठे उठता येतंय?”

दोनचा चौकोन पुन्हा चालू केला. विंडो उजवीकडे निघाली. आधी ओवीचा अर्धा चेहरा गेला, मग उरलेला. स्क्रीन रिकामी झाली. स्पीकरमधून मात्र खुदकन हसू आलं. दिसले ना आजोबा, असं विचारून पोरीने शाळेतलं गाणं सुरू केलं. काकू डोळे मिटून ऐकत बसल्या. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की माझ्याच्याने बघवेना.

मी पिशवी उचलली. दार उजवीकडे, मधली फरशी मोकळी. सरळ निघालो, तोच काकूंनी डोळे न उघडताच हात आडवा केला.

“तिकडून नको, पंडितभाऊ... पाय लागेल ह्यांना.”

मी मागे सरलो. टेबलाला वळसा घातला आणि भिंतीला पाठ घासत, अंग चोरून दारापर्यंत गेलो.