खाडीकाठची सुपारी

उचगावच्या कमानीपाशी गाडी थांबली आणि वर्षाराणीला त्या दिवसाचा पहिला धक्का बसला. पहिला म्हणायचं, कारण पुढचे ती मोजायचीच विसरली.

बुकिंग होतं ‘दोघांसाठी खास सहल’ असं. भल्या पहाटे निघायचं, गगनबावड्याचा घाट उतरायचा आणि कोकणात खाडीकाठी बसून अर्धा दिवस मासे नि वाइन चाखायची. नाव विजयसिंह, सोबत एक जण. नवं जोडपं असणार, हे काय वेगळं सांगायला हवं? वर्षाराणीनं गाडीत अबोलीचे गजरे बांधले होते. तिकडं टेबलाला समोरासमोर दोनच खुर्च्या लावायला सांगितल्या होत्या.

विजयसिंह उभा होता खरा. उंच, सावळा, थंडीनं हात चोळत… आणि हसला तर डाव्या गालावर खळी. पण शेजारी जी होती ती साठीची, नऊवारीतली, पोटाशी भलामोठा स्टीलचा डबा धरलेली.

“या… आपल्या…?”

“आत्या माझी. आक्काताई,” तो म्हणाला. “अजून समुद्र बघितला न्हाय तिनं.”

“पण सर, ही सहल जोडप्यांसाठी आहे.”

“तुमी ‘दोघं’ लिवलंय. आमी दोघंच हाय की!”

गाडी चालवायला वर्षाराणीचे मामा होते, आण्णा. ते स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटले.

“डब्यात काय आहे, मावशी?” वर्षाराणीनं कसंबसं विचारलं.

“तांबडा-पांढरा. माशाचा काय भरवसा? पोरगं उपाशी ऱ्हायला नको.” आक्काताई गजऱ्याखाली ऐसपैस बसल्या आणि डबा मांडीवर घेतला.

वर्षाराणी कसबा बावड्याची. हा सहलींचा धंदा तिनं स्वतःच्या डोक्यानं उभा केला होता, आणि त्याच धंद्यापायी तिची दोन स्थळं मोडली होती. पोरगी लोकांना वाइन पाजते म्हणे! पाहुणे यायचे, पोहे खायचे, तिच्या वडिलांना, आबांना विचारायचे, मामांना विचारायचे — काम सोडेल ना? तिला मात्र कुणी म्हणजे कुणी काही विचारायचं नाही. शेवटी तिनं घरात ठणकावून सांगितलं होतं, मला विचारल्याशिवाय लग्न ठरवाल तर मी कोकणातच जाऊन राहीन. आबांना ठाऊक होतं, पोरगी बोलते ते करते.

घाट उतरेपर्यंत आण्णांनी आणि आक्काताईंनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. कुणाची बहीण कुठं दिली, कुणाचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो… वर्षाराणी पुढं बसून खिडकीबाहेर बघत होती. आरशात मात्र दोन डोळे अधूनमधून सापडत होते. ती बघायची, ते डोळे पटकन दरीकडे वळायचे.

खाडीच्या मुखाशी आक्काताई गाडीतून उतरल्या. पदर सावरून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. डोळे भरून आले होते त्यांचे.

“आगं बया… एवढं पाणी!” त्या पुटपुटल्या. “आन् ऊस कुठंच न्हाय?”

विजयसिंह हसला नाही. त्यानं आत्याचा हात धरला आणि तिला पाण्यापर्यंत नेऊन तिचे पाय भिजवून आणले. वर्षाराणीला त्याच क्षणी तो आवडला. असं एकदम कुणी आवडू शकतं याचाही तिला धक्काच बसला.

यजमानीण होती क्रांती, तिची शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन इकडं आली होती. सासरच्यांचा फळांच्या वाइनचा छोटा, रीतसर परवान्याचा कारखाना होता आणि घरामागं पोफळीची बाग. आक्काताईंच्या आग्रहानं वर्षाराणी नि आण्णांसाठीही टेबलाला खुर्च्या लागल्या. तिसऱ्या आल्या, कालवं आली, रव्यातली सुरमई आली. मग क्रांतीनं उंच पेल्यांत जांभळाची वाइन ओतली — तळाशी, बोटभर.

“दारू न्हवं ही?” आक्काताईंनी डोळे बारीक केले.

“वाइन आहे, मावशी. जांभळाची. नको असेल तर सोलकढी देते.”

“जांभळाची? मग औषध हाय. साखरंला चांगलं.” त्यांनी पेल्यात डोकावून बघितलं. “आन् एवढीशी? आमच्यात पावण्याला असं वाढलं तर पावणा उठून जाईल.”

“चाखायची असते. एक घोट घ्यायचा, उरलेली ठेवून द्यायची.”

“ताटात टाकायचं? मला न्हाय जमायचं.”

वर्षाराणी समजावत राहिली. आक्काताईंनी बाटली उचलली, आधी विजयसिंहाचा पेला काठोकाठ भरला, मग आग्रह करकरून क्रांतीचा, शेवटी स्वतःचा, आणि तो पांढरा रस्सा प्यावा तसा भुरका मारून संपवला. वर आपला डबा उघडून सगळ्यांना तांबडा रस्सा वाढला. इतक्या सहली नेल्या, पण जांभळाच्या वाइनबरोबर मटणाचा रस्सा वर्षाराणी पहिल्यांदाच बघत होती. चाखला, तर चक्क जमला होता! तिनं न राहवून अजून मागून घेतला.

आण्णांचं आपलं बरं होतं. हातात गाडी असली की चहाशिवाय ते कशाला शिवत नसत. जेवण झाल्यावर ते नि आक्काताई मागच्या अंगणात गेले. सोललेल्या सुपाऱ्या उन्हात पसरल्या होत्या, त्यांच्याजवळ घोंगडं टाकून दोघं निवांत बसले.

“शेवटची करवंदाची आहे,” वर्षाराणी विजयसिंहाला म्हणाली. “ती पाण्याजवळ बसून घ्यायची. म्हणजे… सहलीत तसं लिहिलंय.”

“लिवलंय म्हटल्यावर बसायलाच पायजे.”

खाडीत उतरणाऱ्या पायरीवर दोघं बसले. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

“आधी वास घ्या. काय आठवतं ते सांगा.”

“मला वासातलं काय कळत न्हाय, मॅडम. मी फौंड्रीत असतो. दिवसभर भट्टी नि तापलेली वाळू. नाक कवाच बाद झालंय.”

“डोळे मिटा. घाई करू नका.”

त्यानं डोळे मिटले. वाऱ्यानं तिची बट उडून त्याच्या खांद्याला लागली. तिनं ती ओढून घेतली नाही… जरा उशिरानं घेतली.

“गुलाल,” तो म्हणाला.

“काय?”

“जोतिबाचा गुलाल. ल्हानपणी आत्या खांद्यावर घिऊन जायाची, तवा केसांत बसायचा न्हवं का, त्यो वास.” त्यानं डोळे उघडले. “चुकलं?”

लोक ‘फळांचा’, ‘फुलांचा’ असं पाठ केल्यासारखं सांगायचे. जोतिबाचा गुलाल आजवर कुणी सांगितला नव्हता. वर्षाराणीनं स्वतःच्या पेल्याचा वास घेतला आणि… होता की! इतके दिवस तिला कसा आला नव्हता?

“चुकलं न्हाय,” ती म्हणाली. सकाळपासून जपलेली तिची शुद्ध भाषा कधी निसटली तिलाही कळलं नाही. “तुमी आत्याला का आणलंत? खरं सांगा. माझ्याकडं लोक बायकोला आणतात.”

“बायकू न्हाय म्हणून. आन् तुमी? लगीन झालंय?”

“मला कोण विचारतंय?”

“एवढ्या चांगल्या पोरीला कुणी इचारलं न्हाय?”

“आबांना विचारतात. मामांना विचारतात. मला विचारा म्हटलं की उठून जातात.” ती हसली, पण हसू काही धड आलं नाही.

विजयसिंह काहीतरी बोलणार होता. ओठ उघडलेही होते. तेवढ्यात अंगणातून क्रांतीची किंकाळी आली.

दोघं धावले. अंगणात आण्णा अडकित्ता हातात धरून पुतळ्यासारखे बसले होते आणि आक्काताई गाल फुगवून सुपारी चघळत होत्या. तोंडावर असा आनंद, की समुद्र बघतानाही नव्हता.

“झालं गं बाई,” त्या वर्षाराणीच्या गालावरून बोटं फिरवत म्हणाल्या. “तुज्या मामानं सुपारी फोडली!”

आमच्याकडं सोयरीक जुळली की मुलीकडचं थोरलं माणूस सुपारी फोडतं आणि निम्मी मुलाकडच्यांच्या हातावर ठेवतं. ती त्यांनी तोंडात टाकली की लग्न ठरलं, मग ब्रह्मदेव आला तरी फिरवायचं नाही. आण्णांना जेवणावर सुपारी लागायची आणि शेजारच्याला निम्मी दिल्याशिवाय ती गोड लागायची नाही. पण त्याआधी तासभर दोघांनी पोराचं नि पोरीचं वय, शिक्षण, कुळी, देवक सगळं काढलं होतं. आक्काताईंना वाटलं, हे त्यासाठीच चाललंय!

“आण्णामामा!” वर्षाराणीचा आवाज फाटला.

“आगं, मी सवयीनं दिली की! मला काय ठावं—”

“सवयीनं? माझं लग्न सवयीनं?”

“आत्या, थुक ती,” विजयसिंह म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“गिळली की,” आक्काताई शांतपणे म्हणाल्या. “आन् उचगावला फोनबी केला. समद्यास्नी कळीवलं.” तो फोन ऐकूनच क्रांती किंचाळली होती.

परतीच्या वाटेवर आक्काताई वाइन आणि समाधान दोन्हींच्या गुंगीत घोरत होत्या. आण्णांना आबांचे फोनवर फोन येत होते आणि ते घाटाचं निमित्त करून उचलत नव्हते. वर्षाराणीनं या वेळी आरशाकडं बघितलंच नाही.

गगनबावड्याला चहाला थांबले, तेव्हा विजयसिंह तिच्याजवळ आला.

“तुमी काळजी करू नका. घरी पोचलो की मी सांगतो सगळ्यांस्नी. गैरसमज हाय, ठरलं न्हाय कायबी. तुमच्यावर बोल येऊ देणार न्हाय.”

“हं,” ती म्हणाली. “बरं होईल.”

बरं वाटायला हवं होतं तिला. हेच तर हवं होतं ना? मग चहा प्यावासाच का वाटेना? एवढ्या घाईनं मोडायला निघालाय म्हणजे… म्हणजे त्या पायरीवर तिला जे वाटलं ते तिचं एकटीचंच होतं. तिनं कप तसाच भरलेला ठेवला. ताटात टाकू नये म्हणणाऱ्या आक्काताई झोपल्या होत्या म्हणून बरं.

कसबा बावड्यात गाडी शिरली तेव्हा कारखान्याकडून मळीचा ओळखीचा वास आला, आणि त्याच्या मागोमाग हलगीचा आवाज. वर्षाराणीला वाटलं, कुणाचीतरी वरात असेल. मग वळण घेतल्यावर दिसलं… तिच्याच दारात! उचगावाहून टेम्पो भरून माणसं आली होती. आबा फेटा बांधून उभे होते. गल्लीतल्या बायका पेढे वाटत होत्या. गाडी थांबायच्या आधीच गुलालाची पहिली मूठ काचेवर येऊन आदळली.

“माझ्या कर्मा,” आण्णा म्हणाले आणि गाडीतून उतरायलाच तयार होईनात.

विजयसिंह उतरला. गाडीच्या पायरीवर चढला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “थांबवा! हलगी थांबवा! सुपारी फुटली न्हाय!”

हलगी मध्येच थांबली. एका बाईच्या हातातला पेढा वाटेतच थांबला. आबांचा चेहरा उतरला आणि वर्षाराणीला जमीन दुभंगावी असं झालं. सगळ्या गल्लीसमोर! एकांतात सांगता आलं नसतं का याला?

“म्हंजे फुटली,” तो पुढं म्हणाला, “पर चुकून फुटली. पोरीला कुणी इचारलंच न्हाय. असली सुपारी मला नको.” मग तो खाली उतरून तिच्या खिडकीपाशी आला. कपाळावर घाम, केसांत गुलाल. आवाज मात्र एकदम हळू. “तुमास्नी इचारायचं हाय. तिथं पायरीवरच इचारणार होतो, तेवढ्यात क्रांतीताई किंचाळल्या. मला तुमी आवडलाय. लगीन करशीला माझ्यासंगं? न्हाय म्हटलासा तरी चालंल… म्हंजे चालणार न्हाय, पर मी समद्यास्नी घिऊन गुमान परत जाईन.”

वर्षाराणीला दिवसभर धक्के बसले होते, पण हा थेट काळजात बसला.

“माझं काम?” तिनं विचारलं.

“मला का इचारताय? काम तुमचं हाय. एक मातुर हाय, आत्याला परत समुद्र बघायचाय.”

ती दार उघडून उतरली. क्रांतीनं निघताना पिशवीत मूठभर सुपाऱ्या कोंबल्या होत्या, त्यातली एक तिनं काढली. मग आण्णांपुढं हात केला.

“मामा, अडकित्ता.”

“आगं, पोरीनं सोताची सुपारी फोडायची म्हंजे…” आण्णांनी आबांकडं बघितलं. आबांनी मान डोलावली. अडकित्ता तिच्या हातात आला.

कट्‌कन आवाज झाला. वर्षाराणीनं निम्मं खांड विजयसिंहाच्या तळव्यावर ठेवलं.

“बघा हं. ही चुकून फुटलेली न्हाय.”

त्यानं ते तोंडात टाकलं. मग जे हलगी कडाडली! गाडीत आक्काताई दचकून जाग्या झाल्या, “काय झालं? समुद्र आला का?” म्हणून विचारू लागल्या, आणि गुलाल तर असा उडाला की कोण कुठं ते दिसेना. त्या गुलाबी धुरळ्यात एक हात मात्र तिचा हात शोधत आला आणि सापडल्यावर घट्ट धरून राहिला.

ती त्याच्या कानाशी वाकली.

“डोळे मिटा… आता कशाचा वास येतोय?”

त्यानं डोळे मिटले. घाई केली नाही. आजूबाजूला गुलालाशिवाय दुसरं काही नव्हतं.

“करवंदाच्या वाइनचा,” तो म्हणाला.