डॉक्टरांनी विचारलेला बाप

“डॉक्टरांनी विचारलं, मुलाच्या बापाचं हृदय कसं आहे? मी म्हटलं, हे काय समोर उभं आहे! बहात्तरी उलटली, अजून घोड्यावरून डोंगर चढतं! मग म्हणाले, मोठ्या यंत्रावर तपासायला नको.” ओराझबाबा मांडी थोपटत हसले, आणि बेकझानच्या हातातला चहा त्याच्याच पायावर सांडला... त्याला चटकाही जाणवला नाही!

उद्या अलिशेरचा बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघाकडून पहिला सामना होता. संघाच्या डॉक्टरांनी वडिलांना घेऊन ये म्हटल्यावर पोरगं ओराझबाबांनाच घेऊन गेलं. दुसरं कुणाला नेणार? अल्माटी शहरातल्या त्या घरात जुनी रीत पाळली जात होती: पहिलं अपत्य आजी-आजोबांच्या कुशीत घालायचं, त्यांनी ते आपलं शेंडेफळ म्हणून वाढवायचं, आणि दिलेल्या मुलाला पुन्हा त्यांच्यासमोर ‘माझं’ म्हणायचं नाही. बेकझानने आणि त्याच्या दिवंगत पत्नीने अलिशेरला असंच बेकझानच्या आईवडिलांना, कुलाशआई आणि ओराझबाबांना, दिलं होतं. तेव्हापासून स्वतःच्या लेकराच्या तोंडून तो ‘दादा’ ऐकत आला होता; अलिशेरला खरं कुणी सांगितलंच नव्हतं.

एके काळी बास्केटबॉलच्या मैदानावर याच बेकझानने झेप घेतली की प्रेक्षक उभे राहत. ऐन बहरात परदेशातल्या एका सामन्यात तो कोसळला. हृदयाची भिंत जाड झाली आहे, तिथले डॉक्टर म्हणाले. खेळलात तर मराल, आणि हे बापाकडून मुलात उतरू शकतं. घरी येऊन त्याने सांगितलं, गुडघा गेला. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ‘मुलगा कोणता?’ हाच होता! मग तो लंगडू लागला. कधी उजव्या पायाने, कधी विसरला की डाव्या. लोकांनी त्याला भित्रा म्हटलं. अलिशेरला बुद्धिबळाकडे वळवू पाहिलं, तेव्हा मत्सरी म्हटलं. संघाचे डॉक्टर तपासतीलच, या एका आशेवर तो श्वास घेत होता... आणि डॉक्टरांनी विचारला तो भलताच बाप!

“अलिशेर, उद्या खेळू नकोस. आधी पुन्हा तपासून...”

“झालं सुरू! तुझा गुडघा गेला, त्यात माझा काय गुन्हा, दादा?”

“गुडघा नव्हता रे... हृदय होतं!”

“असेल! पण भावाच्या हृदयाचं मला काय?”

बेकझानने वर पाहिलं. समोर कुलाशआई किटली धरून बसली होती... एक शब्द उच्चारला की तिचं मातृत्व भस्म! नाही उच्चारला, तर उद्या या पोराचं कलेवर! त्या दोन मीटर उंचीच्या माणसाला लपायला त्या घरात जागा नव्हती.

“आई...” एवढंच तो म्हणाला.

कुलाशने किटली खाली ठेवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “ऊठ, अलिशेर. बापाबरोबर जाऊन ये... ह्याच्याबरोबर!”

“अगं, मी आहे की!” ओराझबाबा पुटपुटले.

“तुम्ही गप्प बसा. तुम्ही घोड्यावरून जाऊन आलात एकदा!”

संध्याकाळी दोघे परतले. यंत्राने तेच सांगितलं होतं... खेळ बंद, जीव शाबूत. अलिशेरचे डोळे सुजले होते. कुलाश दाराची चौकट घट्ट धरून उभी होती; पोरगं जिवंत दिसत असूनही तिचं भय सरेना. आता हा मला काय म्हणून हाक मारील?... आजी?

अलिशेर वाकला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. “आई गं... संपलं सगळं!”

तिने त्याला उराशी कवटाळलं. मग विचारलं, “वाढू?”

“दादाला आधी वाढ,” नाक पुसत तो म्हणाला. “सकाळपासून उपाशी आहे.”

बेकझान खाली मान घालून जेवायला बसला. त्या ‘दादा’ने आज पहिल्यांदाच त्याला कुठेही टोचलं नाही.