तिसरा वाचक

साल एकोणीसशे त्रेसष्ट. पौषातली सकाळ होती. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या लांब व्हरांड्यात सुनीती भानू मुलाखतीसाठी आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसली होती. उन्हाचा एक कवडसा तिच्या पावलांपाशी स्थिरावला होता. आणि त्या कवडशात, जणू त्यालाही मुलाखतीस बोलावले असावे अशा ऐटीत, एक पांढराशुभ्र उंदीर येऊन थांबला. सुनीतीने पदर सावरला, ती वाकली, शेपटीच्या मुळाशी अलगद धरून तिने त्याला तळहातावर घेतले आणि वर दुसऱ्या हाताची ओंजळ झाकली.

पाठोपाठ एक तरुण धावत आला. अंगात पांढरा डगला, हातात रिकामा पिंजरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"आपण... इकडून एखादा उंदीर जाताना पाहिलात का?"

"जाताना नाही पाहिला. येताना पाहिला." तिने ओंजळ किंचित उघडली.

तो क्षणभर उंदराकडे आणि मग, आवश्यकतेपेक्षा थोडा अधिक वेळ, तिच्याकडे पाहत राहिला.

"आपण घाबरला नाहीत?"

"तो घाबरला होता. दोघांपैकी एकानं शांत राहणं भाग होतं."

"मुलाखतीतही असंच उत्तर द्या."

"मुलाखत घेणार कोण?"

"संचालक आप्पासाहेब. आणि..." त्याने चष्मा वर सरकवला, "मी. डॉक्टर दीनानाथ परचुरे."

"म्हणजे निम्मी मुलाखत झाली म्हणायची," सुनीती म्हणाली, आणि तिने उंदीर पिंजऱ्यात सोडला.

सुनीती प्राणिशास्त्राची पदवीधर. परंतु वडील संस्कृतचे अध्यापक असल्यामुळे रोजनिशी मात्र लहानपणापासून संस्कृतात लिहीत असे. त्या दिवशी संध्याकाळी तिने रोजनिशीत दोन ओळी लिहिल्या, स्वतःच वाचल्या, आणि गालांवर आलेली उष्णता निमूटपणे सोसली.

संस्थेच्या प्राणिगृहात उंदरांची दोन कुळे नांदत होती. एका कुळातल्या माद्यांना प्रौढपणी स्तनात अर्बुदाची, म्हणजे कर्करोगाची, गाठ हमखास होई. दुसरे कुळ पिढ्यानपिढ्या निर्मळ. गाठीचा अर्क अतिसूक्ष्म चाळणीतून गाळला, तरी त्यातून पार होणारा अदृश्य विषाणू निर्मळ कुळात गाठ उत्पन्न करतो काय, हा दीनानाथचा प्रश्न होता. त्यासाठी निर्मळ कुळातल्या काही माद्यांना तो अर्क टोचायचा आणि काहींना काहीच द्यायचे नाही. न टोचलेल्या निर्मळच राहायला हव्यात. साऱ्या प्रयोगाची इमारत त्या पायावर उभी होती.

पण नोकरीच्या तिसऱ्या दिवशी सुनीतीला यातले काहीही ठाऊक नव्हते. कोणत्या पिंजऱ्यात कोणते कुळ, हेही नाही. प्राणिगृहाचा रखवालदार गेनबा, वाघोलीहून रोज सायकलने येणारा, पिंजऱ्यासमोर डोक्याला हात लावून बसला होता.

"बाई, रातीत आई मेली बगा. तीन पिल्लं हायती. नियम म्हंतो, बिनआईची पिल्लं ठेवायची न्हाईत."

"ठेवायची नाहीत म्हणजे?"

गेनबाने कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीकडे बोट दाखवले.

पलीकडच्या मांडणीवर एक लेकुरवाळी उंदरीण आपल्या पिलांना पोटाशी घेऊन निजली होती. सुनीतीने ती तीन गुलाबी पिल्ले उचलून तिच्या कुशीत ठेवली. उंदरिणीने त्यांना हुंगले आणि जवळ ओढून घेतले.

"हिचं नाव यशोदा," सुनीती म्हणाली.

नोंदवहीत मात्र तिने काही लिहिले नाही. नियम मोडल्याची नोंद कशी करायची, हे तिला कोणी शिकवले नव्हते. रोजनिशीत लिहिले. तीन आठवड्यांनी गेनबाने त्या पिल्लांच्या कानांना क्रमांकाच्या खुणा केल्या आणि त्यांना त्यांच्या जन्मकुळात परत नेऊन सोडले, तेव्हा एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस हे आकडेही तिने त्याच नोंदीखाली घातले. पुढे कामाच्या रगाड्यात ती गोष्ट विसरून गेली.

चैत्रापर्यंत ती सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या वाचायला शिकली. आप्पासाहेबांनी एक शिस्त घालून दिली होती. प्रत्येक काचपट्टी दोन वाचकांनी वेगवेगळी पाहायची. पट्टीवर फक्त क्रमांक. प्रत्येकाने आपले निदान चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचे, परस्परांना अवाक्षर सांगायचे नाही. चार वाजता चहाबरोबर डबा उघडायचा. मतभेद झाला, तर ती पट्टी तिसऱ्या वाचकाकडे, म्हणजे आप्पासाहेबांकडे, जायची. आणि त्यांचा शब्द अखेरचा.

पहिल्याच आठवड्यात एका पट्टीवर मतभेद झाला. दीनानाथने 'गाठ' लिहिले होते, सुनीतीने 'केवळ सूज'. आप्पासाहेबांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

परत येताना दीनानाथ म्हणाला, "आपण मला फार गोड हरवलंत."

"गोड नव्हतं हरवलं. चहात आज साखरच नव्हती."

"मग उद्यापासून साखर मी आणतो. हरायची तयारी ठेवूनच."

आणि खरोखरच त्याने कागदाच्या पुडीतून साखर आणली. पुढे चार वाजण्याची वाट दोघेही पाहू लागले, आणि दोघेही ती पाहत नसल्याचे भासवू लागले. हस्ताच्या सरी खिडकीच्या काचांवर वाजू लागल्या की एकच दिवा दोघांच्या मध्ये ओढला जाई. त्या उजेडात तिच्या मनगटावरच्या दोन हिरव्या बांगड्या काचपट्टीला लागून किणकिणत, आणि तो न विचारताच म्हणे, "पट्टी फुटली नाही ना?" पट्टी कधीच फुटलेली नसे. दसऱ्याला गेनबाने सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ घातली; पिंजऱ्यांनाही एकेक फूल वाहिले. "ही मुकी जनावरं आपल्यासाठी जीव देत्यात," तो म्हणाला. त्या वेळी दीनानाथनेही हात जोडले, आणि सुनीतीला तो त्या क्षणी सर्वांहून अधिक आवडला.

कार्तिकात संकट आले. न टोचलेल्या तीन माद्यांना गाठी आल्या.

त्या दिवशी चार वाजता चहा तसाच निवत राहिला. दीनानाथचा चेहरा उतरला होता.

"निर्मळ कुळात विषाणू शिरलाय, सुनीतीबाई. कुठून, ते कळत नाही. अशा वसाहतीवर केलेल्या कशालाही अर्थ नाही. सोमवारी सगळी वसाहत नष्ट करायची, असं आप्पासाहेबांना सांगणार आहे. दोनशे दहा उंदीर... आणि दोन वर्षं."

सुनीतीने समोरच्या कागदावर नजर टाकली. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

तिने हातातला कप बशीत ठेवला. एव्हाना तिला पुरते माहीत होते, की त्या विषाणूची सर्वांत सोपी वाट सुई नव्हे, आईचे दूध. आणि यशोदा कोणत्या कुळातली होती, तेही आता तिला माहीत होते.

सांगितले, तर नोकरी जाणार. त्याहून वाईट म्हणजे, हे डोळे आपल्याकडे पुन्हा तसे पाहणार नाहीत. न सांगितले, तर दोनशे दहा निष्पाप जीव सोमवारी मरणार आणि याची दोन वर्षे मातीत जाणार. हा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. बोलायला मात्र लागला.

"डॉक्टर... त्या तिघी माझ्यामुळे आजारी पडल्या."

तिने सारे सांगितले. गेनबाचे नाव न घेता, सारा दोष आपल्या शिरावर घेऊन. दीनानाथ खिडकीबाहेर पाहत ऐकत होता.

"नोंदवहीत का लिहिलं नाहीत?"

"नियम मोडला होता. त्याची लाज वाटली... उद्या राजीनामा आणून देते."

"राजीनामा राहू द्या." तो वळला. त्याच्या आवाजात राग होता, पण रागाखाली दुसरेच काही थरथरत होते. "त्या तिघीच होत्या, याला पुरावा काय? नुसती आठवण चालणार नाही. कुठे काही लिहिलंय?"

"रोजनिशीत," ती बोलून गेली आणि लगेच तिने ओठ चावला. कारण यशोदेची नोंद उजव्या पानावर होती. आणि डाव्या पानावर पहिल्या दिवसाच्या त्या दोन ओळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजनिशी आप्पासाहेबांच्या टेबलावर होती. सत्तरीकडे झुकलेले, उपरणे घेऊन संस्थेत येणारे ते गृहस्थ संस्कृतचे जाणकार होते, हे सुनीतीला त्यांनी पान उलटताना उमगले. तेव्हा फार उशीर झाला होता.

"मातृहीनाः त्रयः शावकाः यशोदायाः अङ्के स्थापिताः," त्यांनी सावकाश वाचले. "तारीख आहे. कानाचे आकडेही आहेत. शाई जुनी आहे." मग त्यांची नजर डाव्या पानाकडे गेली आणि तेथे काही काळ विसावली. त्यांनी घसा साफ केला.

"काय लिहिलंय?" दीनानाथने विचारले.

"उजव्या पानावर उंदीर आहेत, डॉक्टर. डाव्या पानाचा प्रयोगाशी संबंध नाही. आपण शाळेत संस्कृत घेतलं नव्हतं?"

"फ्रेंच घेतलं होतं."

"अरेरे," आप्पासाहेब म्हणाले, आणि रोजनिशी मिटून त्यांनी ती सुनीतीच्या हाती दिली. तिचे कान तापून लाल झाले होते.

"भानूबाई, दया केलीत, त्यात गैर नाही. ती लपवलीत, ते गैर. आजच्या तारखेनं सगळं नोंदवहीत लिहा आणि खाली सही करा. डॉक्टर, वसाहत नष्ट करू नका. तीन महिने थांबा. या तिघींखेरीज न टोचलेल्या एकीलाही गाठ आली नाही, तर बाईंचं म्हणणं खरं आणि आपला पाया शाबूत. आणि गेनबा, दाराआडून ऐकतोयस ते पुरे. आत येऊन तूही अंगठा उठव."

ते तीन महिने दोघांनीही जपून काढले. एकेका मादीला हळुवार हातांनी रोज चाचपायचे. दीनानाथ आता कमी बोले; पण साखरेची पुडी एकही दिवस चुकली नाही. एकदा तिने धीर करून विचारले, "आपण रागावला आहात?"

"होतो. आठ दिवस."

"आणि नंतर?"

"नंतर फ्रेंच घेतल्याचा पश्चात्ताप करतोय."

माघ सरता सरता आवारातला आंबा मोहरला. न टोचलेल्या ज्या माद्यांचा प्रयोगातला काळ पूर्ण झाला होता, त्यांच्या शेवटच्या काचपट्ट्या त्या दिवशी वाचून झाल्या. चार वाजता डबा उघडला. निर्मळ. निर्मळ. निर्मळ... दोघांच्या चिठ्ठ्या एकापुढे एक मांडल्या गेल्या. एकही मतभेद नव्हता. दीनानाथने चष्मा काढला आणि डोळे पुसले. सुनीती मोहराकडे पाहत राहिली, कारण तिलाही तेच करायचे होते.

"सुनीतीबाई," चष्मा पुन्हा लावत तो म्हणाला, "एक निरीक्षण राहिलंय. नेहमीच्या पद्धतीनं करू या. दोन वाचक, दोन चिठ्ठ्या."

"पट्टी कुठे आहे?"

"पट्टी नाही. प्रश्न एकच... केव्हापासून?"

काय केव्हापासून, हे तिने विचारले नाही. तिने त्याच्याकडे पाठ करून लिहिले. त्यानेही लिहिले. चिठ्ठ्या डब्यात पडल्या. झाकण लावले गेले आणि लगेचच, दोघांच्याही बोटांनी, उघडले गेले.

त्याच्या चिठ्ठीवर होते: 'आपण मला हरवलंत, त्या दिवसापासून.'

तिच्या चिठ्ठीवर: 'आपण उंदीर शोधत आलात, त्या दिवसापासून.'

तो वाचत राहिला. मग अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मतभेद आहे. तीन महिन्यांचा."

"अहो, मग..." ती थांबली. 'डॉक्टर' हा शब्द आज प्रथमच मागे राहून गेला होता, हे दोघांच्याही ध्यानात आले. "मग नियमाप्रमाणे तिसऱ्या वाचकाकडे जावं लागेल."

दोन्ही चिठ्ठ्या घेऊन दोघे आप्पासाहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावला, एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली.

"बाईंच्या तारखेचा पुरावा मी कार्तिकातच पाहिला आहे," ते म्हणाले. "डॉक्टर, आपण नेहमीप्रमाणे उशिरा पाहिलंत." मग दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून त्यांनी खाली शिस्तीत सही केली आणि त्या परत दिल्या.

"तारखेत फरक आहे. निदान एकच आहे."