सात नावांचा दगड

लाइट येईस्तोवर ऐका. गहिनीनाथ माझा मावसभाऊ. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे, आणि थापा मारणाऱ्यातला तो नव्हे.

गेल्या साली कार्तिक अमावस्येला, बुधवारी रात्री नऊ वाजता, तो पाण्याची कळशी घेऊन पाथर्डीकडच्या टेकडीवर निघाला. मोठ्या लढाईत तिथं गोऱ्यांचं बाँब टाकणारं विमान पडलं होतं. सातही जण गेले. शेवटचा पहाटेपर्यंत पाणी पाणी करत होता, ते गहिनीनाथच्या आज्याने पाजलं. पुढं पलटणीने काळ्या दगडावर सात नावं कोरून तो दगड आज्याच्या स्वाधीन केला. तेव्हापासून त्या घरातला माणूस दर कार्तिक अमावस्येला एकेक नाव घेतो आणि दगडावर ओंजळभर पाणी सोडतो.

त्या साली टेकडीवर नवं स्मारक झालं होतं. बांधणारा सरपंच हनुमंत, गहिनीनाथचा लंगोटीयार. तुझा दगड मधोमध बसवतो म्हणाला, म्हणून याने स्वतः ट्रॉलीत घालून दिला. वर दोन महिने हा खुळा, टेकडीवर न जाताच, गावभर दोस्ताचं कौतुक करत फिरला.

वर जाऊन त्याने बॅटरी मारली. चकचकीत ग्रॅनाईट. त्यावर हनुमंताचं नाव आणि उद्घाटनाची तारीख. सात नावं नाहीत. दगडही नाही.

तो तडक हनुमंताच्या नव्या बंगल्यावर गेला. दारातली पहिली पायरी काळी होती. हनुमंत बाहेर येऊन तिच्यावरच उभा राहिला.

"दगड चांगला हुता, गहिनी. नावं खालच्या अंगाला हायती. तसंबी ती कोन वाचतंय?"

"आमच्या घरानं शबुद दिल्ता त्यान्ला, हनम्या."

"मेल्याल्या मानसान्ला?" हनुमंत हसला आणि दार लावून घेतलं.

गहिनीनाथला रडू फुटलं. एका ताटात जेवलेल्या माणसाने केसाने गळा कापला होता. तो खाली बसला. पायरीच्या पुढं आलेल्या कडेखाली बोटं घातली. अक्षरं लागली. खोल, धारदार. मग तिथंच पाणी सोडू लागला.

पहिलं नाव घेतलं. मागं एक पाऊल वाजलं. बुटाचं.

दुसरं नाव... दुसरं पाऊल.

गल्लीतली कुत्री गप्प झाली.

सातवं नाव... मागं पेट्रोलचा वास. वळायची छाती झाली नाही.

"माफ करा... मीच दिला वो दगड."

 

मग पावलं वळली. टेकडीकडं नाही. गावाबाहेर शेवगावच्या रस्त्याला लागली. एकामागून एक... दूर... बंद.

उजाडताच त्याने चार माणसं बोलावून पहारीने पायरी उचकटली. हनुमंत बघत होता. दगड उलटा केला. कोरा होता. गुळगुळीत, कधी छिन्नीच न लागलेला. गहिनीनाथ तिथंच बसून त्यावर बोटं फिरवत राहिला. रात्री लागलेलं एकही अक्षर लागलं नाही.