काढून टाकलेले एकेचाळीस

साल्टवॉटरच्या मैदानावर शनिवारी दुपारी राखीव संघाचा सामना असला, की निम्मे प्रेक्षक खेळाकडे पाहतच नसत. हातातला फोन मैदानाच्या दिशेने धरून ते पडद्यावर खेळाडूंची भाविरूपं पाहत. मैदानात एकोणीस वर्षांचा एखादा पोरगा चेंडूमागे धावत असे आणि पडद्यावर त्याच्याच जागी चोवीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा तोच पोरगा धावताना दिसे. त्याच्या डोक्यावर एक आकडा असे, शंभरापैकी.

विजयमाला भोईटे मात्र फोन पर्समधून बाहेर काढत नसत. त्यांच्या मांडीवर दोनशेपानी वही असे आणि शेजारी थर्मासमधला चहा. फलटणला मुलींच्या शाळेत तीस वर्षं खो-खो शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि लेकीपाठोपाठ मेलबर्नला आल्या. इथला तो अजब फुटबॉल त्यांना पहिल्या वर्षी कळला, दुसऱ्या वर्षी आवडला आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी साल्टवॉटर हेरन्स, म्हणजे बगळे संघाचं सभासदत्व घेऊन टाकलं. भलंमोठं लंबगोल मैदान, दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. चेंडूही लांबट, टप्पा पडल्यावर कुठे उसळेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. उंच उडी घेऊन तो हवेतच झेलला तर त्याला मार्क म्हणतात. चांगला मार्क पाहिला की बाईंना अजूनही पोटात गुदगुल्या होत.

त्या दिवशी कॅलम रोवन नावाच्या पोराने तीन मार्क सोडले. तो एकोणीस वर्षांचा, ताडमाड उंच होता, आणि उडी मारताना हातपाय चार दिशांना जात.

"एकतीस," शेजारच्या डेस मलॉयने फोन पाहून सांगितलं. डेस पोस्टातून निवृत्त झालेला, पंचाहत्तरीला टेकलेला; बाईंच्या घरासमोर राहणारा आणि अकरा वर्षं प्रत्येक सामन्याला सोबत येणारा. "याला सप्टेंबरात नारळ. पन्नासच्या खाली कुणाला ठेवत नाहीत."

"एप्रिलमध्ये तो एक अख्खा ताल उशिरा उडत होता," बाई वहीत पाहत म्हणाल्या. "आज अर्धा ताल. वर्षभरात नऊ सेंटिमीटर वाढलाय तो. हात कुठे संपतात तेच अजून त्याला कळलेलं नाही."

"मशीनला हे माहीत नसेल?"

"मशीनचं मला माहीत नाही. माझ्याकडे मंदाकिनी होती. नववीत एकदम उंच झाली आणि दोन वर्षं नुसती पडत होती. खांबाला हात लावायला गेली की खांब चुकायचा. अठराव्या वर्षी राज्याच्या संघात खेळली."

"आणि तू तिला दोन वर्षं ठेवलंस?"

"काढणार कशी? बाराच्या संघाला माझ्याकडे मुलीच तेरा होत्या."

डेस हसला, पण बाईंचं लक्ष मैदानाकडे होतं. बगळ्यांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं आणि चहा घेणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे. भाविरूप आल्यापासून आठ वर्षांत संघाने तरतरीत, चटपटीत पोरं जमवली होती. ती विसाव्या वर्षी तयार होत, बाविसाव्या वर्षी सगळ्यात छान खेळत आणि मग तिथेच थांबत. संघ दरवर्षी सातवा-आठवा येई. वाईट नव्हे, पण पुढेही नाही.

जूनमध्ये क्लबने सभासदांसाठी सकाळची बैठक ठेवली. खेळाडूंच्या घडणीचं काम पाहणाऱ्या डॉ. हॅना ओकॉनर यांनी भाविरूप कसं बनतं ते समजावून सांगितलं. प्रत्येक खेळाडू सरावात अंगाबरोबरची एक मापकबंडी घालतो. त्याची उडी, वळणं, श्वास, चेंडूचा अंदाज घ्यायला लागणारा वेळ, सगळं ती टिपते. यंत्र गेल्या वीस वर्षांतल्या खेळाडूंच्या नोंदी चाळतं, या पोरासारखे आधी कोण होते ते शोधतं आणि ते जसे वाढले तसा हा वाढेल असं चित्र काढतं.

बाईंनी हात वर केला. "एकोणिसाव्या वर्षी ज्यांना काढून टाकलं, ते चोविसाव्या वर्षी कसे खेळत होते?"

"ते आमच्या नोंदीत नाही," हॅना म्हणाली. "क्लब सोडला की बंडी परत करावी लागते."

"मग जी पोरं हळू वाढतात, ती पुढे कशी होतात हे यंत्राने कुणाकडे पाहून ठरवलं?"

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मान वळवून पाहिलं.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "यंत्र यायच्या आधीही तुम्ही हळू पोरांना काढतच होतात. त्यामुळे हळू पोरगा मोठा झालेला यंत्राने कधी पाहिलाच नाही. न पाहिलेलं ते दाखवणार कुठून?"

बैठक संपल्यावर हॅना धावतच त्यांच्या मागे आली. चाळिशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेली, चेहऱ्यावर दुखरा दात सापडल्यासारखा भाव. "तुमचा प्रश्न बरोबर आहे. मलाच सुचायला हवा होता. पण एका प्रश्नासाठी व्यवस्थापन निर्णय थांबवणार नाही. नोंदी लागतील."

"काढलेल्यांची यादी आहे?"

"वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येते. आठ वर्षांत एकेचाळीस जण. बरेचसे आपापल्या गावी परत गेलेत आणि तिथल्या छोट्या संघांतून खेळतात. पण राज्यभर विखुरलेत. तिथे कोण जाणार?"

बाईंनी डेसकडे पाहिलं. डेसने आपल्या जुन्या गाडीकडे पाहिलं.

त्यानंतरचे तीन महिने बाईंच्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांत मोडतात, असं त्या आजही सांगतात. दर शनिवारी सकाळी सहाला डेस गाडी काढी. मागच्या सीटवर हॅनाने दिलेल्या मापकबंड्यांची पिशवी, बाईंनी केलेला पोह्यांचा चिवडा आणि डेसचा रेडिओ. वाटेत मेंढ्यांची कुरणं, पिवळ्याधमक मोहरीसारखी कॅनोलाची शेतं, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. मग अचानक एखादं गाव, गावाबाहेर मैदान आणि मैदानाभोवती गोल उभ्या केलेल्या गाड्या. तिथे जून ते ऑगस्ट हिवाळा असतो; थंडीमुळे लोक गाडीतच बसून सामना पाहत. आपल्या संघाने गोल मारला की सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजत. पहिल्यांदा ते ऐकून बाई दचकल्या. दुसऱ्या गोलाला त्यांनी स्वतः हात लांबवून डेसच्या गाडीचा भोंगा दाबला.

"विजी, तो समोरच्या संघाचा गोल होता," डेस म्हणाला.

"चांगला होता ना पण."

टालाबिन नावाच्या त्या गावात त्यांना पहिला मोठा धक्का बसला. टायसन हार्ट. सहा वर्षांपूर्वी त्याचा आकडा छत्तीस होता आणि क्लबने त्याला काढला होता. आता तो पंचवीस वर्षांचा होता आणि दुधाचा टँकर चालवायचा. मैदानावर मात्र तो चेंडू जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभा असे, जणू त्याला कुणी कानात सांगत होतं. चारपैकी तिसऱ्या डावात त्याने दोघांच्या खांद्यांवरून असा मार्क घेतला, की बाई चिवड्याची पुडी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"हे कधी जमायला लागलं?" सामन्यानंतर त्यांनी त्याला विचारलं.

"तेविसाव्या वर्षी असेल." टायसनने खांदे उडवले. "नक्की कळलं नाही. एक दिवस लक्षात आलं, की मी विचार करत नाहीये."

तो हसत बंडी घालायला तयार झाला. सगळेच झाले नाहीत. नदीकाठच्या एका गावात बेकरी चालवणारा तरुण बंडीकडे पाहून मागे सरला. "मला पुन्हा कुणी आकडा लावायला नको आहे, मॅडम. तो उतरवायला मला फार दिवस लागले." बाईंनी बंडी पिशवीत ठेवली, वहीही ठेवून दिली आणि दुपारभर नुसता त्याचा खेळ पाहिला. परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, "सुंदर खेळतो. हे कुठेच लिहायचं नाही."

अधूनमधून एखाद्या बुधवारी त्या साल्टवॉटरचा सराव पाहायला जात. एकदा कुंपणापाशी कॅलम रोवन स्वतःहून आला. जवळून तो आणखीच उंच आणि आणखीच लहान वाटला.

"तुम्ही वहीवाल्या ना? तुमच्या वहीत माझा आकडा किती आहे?"

"मी आकडे देत नाही. तू किती उशिरा उडतोस ते लिहिते."

"किती?"

"पाव ताल. एप्रिलमध्ये अख्खा होता."

"म्हणजे मी सुधारतोय? मला कुणी सांगितलं नाही. सगळे मी चोविसाव्या वर्षी कसा असेन तेवढंच सांगतात. त्या माणसाला पाहिलं, की सरावाला यावंसंच वाटत नाही."

"मग पाहू नकोस त्याला. तुझी त्याची ओळख तरी आहे का?"

कॅलम जोरात हसला, आणि मागून प्रशिक्षकाची हाक आल्यावर चारही दिशांना हातपाय टाकत पळत गेला.

ऑगस्ट संपेपर्यंत एकेचाळीसपैकी तेहतीस जण सापडले. एकोणतीस जणांनी बंडी घातली. हॅनाने त्या नोंदी यंत्राला दिल्या आणि सोमवारी सकाळी बाईंना बोलावून घेतलं. डेसही सोबत गेला.

"एकोणतीसपैकी वीस जण यंत्राने सांगितलं होतं साधारण तसेच निघाले," हॅना म्हणाली. "यंत्र अगदीच खोटं नव्हतं. पण नऊ जण त्यांच्या भाविरूपाच्या कितीतरी पुढे गेलेत. त्यांपैकी पाच जण आमच्या आजच्या मुख्य संघात सहज बसतील. आणि एकोणिसाव्या वर्षीच्या नोंदींत हे नऊ आणि ते वीस वेगळे ओळखता येत नाहीत. मी सगळे उपाय करून पाहिले."

तिने कॅलमचं भाविरूप पडद्यावर आणलं. पूर्वी तिथे स्पष्ट माणूस दिसे. आता धुरकट आकृत्यांचा एक घोळका होता. कुणी वाकलेला, कुणी उडीत, कुणी नुसता उभा. आकड्याच्या जागी लिहिलं होतं: बावीस ते एक्क्याऐंशी.

"बिघडलं का काय?" डेसने विचारलं.

"नाही. पहिल्यांदाच खरं बोलतंय," हॅना म्हणाली. "त्याला माहीत नाही, असं म्हणतंय."

व्यवस्थापनाला ते फारसं रुचलं नाही. पण मुख्य प्रशिक्षकाने टायसनच्या मार्कची चित्रफीत सलग चार वेळा पाहिली आणि कॅलमसह चौघांना आणखी दोन वर्षं ठेवायचं ठरलं. टायसनलाही परत बोलावणं गेलं. त्याने आभार मानून नकार दिला. त्याची मुलगी टालाबिनच्या शाळेत नुकतीच रुळली होती, आणि तो जिथे होता तिथे मजेत होता. बाईंना हळहळ वाटली, आणि मग स्वतःच्या हळहळीचं हसूही आलं.

पुढच्या मे महिन्यात कॅलम मुख्य संघातून पहिला सामना खेळला. बगळे तो सामना दोन गोलांनी हरले. कॅलमने दोन मार्क सोडले, एकदा स्वतःच्याच कप्तानाला धडकला. पण शेवटच्या डावात चेंडू उंच गेला, तिघे उडाले आणि सगळ्यात वर त्याचे लांबसडक हात अगदी वेळेवर पोचले. पस्तीस हजार लोक उठून उभे राहिले. डेसने टोपी हवेत फेकली, ती चार रांगा खाली कुणाच्या तरी सूपच्या कपात पडली, आणि तो माणूससुद्धा हसतच होता.

त्या हिवाळ्यात इतर क्लबांनीही आपापल्या याद्या बाहेर काढल्या. गावोगावच्या मैदानांवर बंड्यांच्या पिशव्या घेऊन फिरणारी माणसं दिसू लागली. टालाबिनच्या कॅन्टीनमधल्या बायकांनी त्यांच्यासाठी वेगळं टेबलच मांडलं.

जुलैमध्ये एका दुपारी हॅना बाईंच्या घरी आली. चहा झाल्यावर म्हणाली, "भाविरूप बनवणाऱ्या कंपनीने हेच यंत्र दुसऱ्या एका देशाला शाळांसाठी दिलंय. मुलं अकरा वर्षांची झाली, की कुणाला गणित द्यायचं, कुणाला हातकाम, ते त्यावरून ठरतं. सहा वर्षं झाली. तुमच्या कामाबद्दल वाचून त्या देशाच्याच शिक्षण खात्यातल्या एका बाईंनी मला लिहिलंय. त्यांना तुमचा प्रश्न तिथे विचारायचाय."

"मग विचारू देत की."

"विचारतील. पण आपल्याकडे काढलेली पोरं निदान कुठेतरी खेळत राहिली होती. शनिवारी मैदानावर गेलं, की सापडायची." हॅनाने कप खाली ठेवला. "ज्या मुलीला अकराव्या वर्षी गणितातून काढलं, ती सतराव्या वर्षी गणित कुठे करत असेल? तिला शोधायला कुठे जायचं?"

विजयमालाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. समोरच्या अंगणात डेस गाडी धुत होता. त्यांना आपल्या तेरा मुली आठवल्या, एकेकीचं नाव, एकेकीची धावण्याची लकब. मग त्यांनी खुर्ची हॅनाजवळ ओढली.

"तो देश केवढा आहे?" त्यांनी विचारलं. "आणि तिथे खेळांचे तास तरी अजून सगळ्यांना एकत्र असतात का? डाव आखताना कोणाचं डोकं कसं चालतं ते निदान तिथे दिसेल."