शिंपल्यांशिवायची माती

डॉक्टरीणबाई आल्या आणि काचेची एक बरणी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही माती माझ्या बहिणीच्या शेतातली नाही. कुणी बदलली, ते मला कळायला हवं."

बरणीतली माती तांबूस, भरड होती. मास्तरांनी ती कागदावर पसरून बराच वेळ न्याहाळली. पूर्वी रसायनशास्त्र शिकवायचे म्हणून लोक अजून त्यांना मास्तर म्हणत. आता ते खाजगी तपास करत. त्यांचे सोबती, निवृत्त फौजदार, मातीकडे नुसते बघत बसले.

नदी समुद्राला मिळण्याआधी तिला जिथे फाटे फुटतात, तिथल्या सखल जमिनीवर बहिणीचं शेत होतं. वरच्या अंगाला शिसं वितळवण्याचा कारखाना. दर पुरात तिथला गाळ शेतांवर बसे. बहिणीची लहान मुलगी आधी पोट दुखतं म्हणू लागली, मग तिला झटके आले आणि ती गेली. गावाने दावा लावला आणि प्रत्येक घराने आपल्या शेतातली माती बरणीत भरून प्रयोगशाळेत पाठवली. शेजाऱ्यांच्या सगळ्या बरण्यांत शिसं सापडलं. मुलगी गेली त्याच घरची बरणी तेवढी स्वच्छ निघाली. आता कारखाना म्हणत होता, पोरीच्या मरणाशी आमचा काय संबंध?

"उघड आहे, कारखान्याचंच काम," फौजदार म्हणाले.

कारखान्याच्या व्यवस्थापकाने चहा पाजला आणि वकिलाचा पत्ता दिला. प्रयोगशाळेतला तपासनीस म्हणाला, की बरणीचं लाखेचं सील शाबूत होतं. इतरांची माती चाळताना चाळणीवर शिंपल्यांचा चुरा राहिला. या बरणीच्या मातीत शिंपल्याचा कणही सापडला नाही.

डॉक्टरीणबाईंसोबत शेतावर पोचेपर्यंत फौजदारांच्या बुटांना काळा चिखल चिकटला होता. त्यात शिंपल्यांचे तुकडे करकरत होते. बहिणीच्या नवऱ्याने सरळ सांगितलं, की माती त्याने संध्याकाळी खणली, बरणी रात्रभर स्वयंपाकघरात राहिली आणि पहाटे अंधारातच त्याने ती न उघडता सील केली. रात्री घरात दोघंच होती.

बहीण चुलीपाशी पालेभाजी निवडत होती. भाजी परसातलीच. विचारल्यावर तिने सांगितलं, की नवरा ती खात नाही. ती मात्र रोज खाते. खिडकीत रिकामी कुंडी होती आणि तिच्यातलं गुलाबाचं रोप पेल्यात, पाण्यात ठेवलेलं. रोप माहेरचं, डोंगराकडचं, मातीसकट आणलेलं, असं ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता.

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना आणि नवऱ्याला आत बोलावलं.

"कारखान्याने बदलली असती, तर सगळ्याच बरण्या बदलल्या असत्या," ते म्हणाले. "एक बदलून ते दाव्यातून सुटत नाहीत. प्रयोगशाळेत सील शाबूत पोचलं, म्हणजे बदल त्याआधी झाला. या जमिनीची माती शिंपल्यांशिवाय असूच शकत नाही. ही तांबडी माती डोंगराकडची आहे, आणि या घरात तशी एकाच कुंडीत होती."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "मला तर न्याय हवा होता," तो म्हणाला. "तू असं का केलंस?"

तिने भाजी निवडणं थांबवलं नाही.

"तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालायचं नाही," ती म्हणाली. "आजारी पडल्यावर मी जास्तच भरवायला लागले. ताकद येईल म्हणून. परसातली ताजी भाजी, शेतातला भात. मातीत विष निघालं असतं, तर ते घास कुणी भरवले?"

फौजदारांनी मान खाली घातली.

"आणि तू अजून खातेस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला काही होत नाही, असं बघत होते. होतंय, ताई. हात थरथरतात."

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांनी पिशवीतून रक्त घ्यायची सुई आणि काचनळी काढली. रडण्याचं कुणाच्याच मनात आलं नाही. बहिणीने बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"घे," ती म्हणाली. "यावर मात्र माझंच नाव लिही."