तीन हजारावर धर

त्या दिवशी सकाळी नऊलाच पारा एकेचाळिसावर होता आणि उत्तरेचा वारा सुटला होता. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि वाळवंटावरून हा वारा आला की तोंडात सतत माती येते. गलाह, म्हणजे आमच्याकडचे गुलाबी काकाकुवे, ती पाखरं पाण्याच्या टाकीखाली चोची उघड्या टाकून बसली होती. तापू नये म्हणून मी लॅपटॉप ओल्या फडक्यात गुंडाळला आणि इल्साच्या शेडकडे निघालो. गेले तीन आठवडे माझा हाच धंदा चालला होता.

कुंपणापलीकडून शेजारीण ग्वेन ओरडली, "क्लेम, अजून त्या गाडीचं बाळंतपण चालूच आहे का रे?"

"चालूच आहे, बाई."

"मूल आडवं आलंय बहुतेक!"

हसलो. पण खरं सांगतो, हसण्याची इच्छा राहिली नव्हती.

जन्मभर मी कार्बोरेटर लावले. एक स्क्रू, एक कान, बस्स. आता इंजिनाला कॉम्प्युटर बसवतात, आणि त्याच्यात असतो एक तक्ता. आडवे इंजिनाचे फेरे, उभा गाडीवरचा जोर, आणि प्रत्येक घरात एक आकडा, म्हणजे तिथं किती पेट्रोल सोडायचं ते. मला अक्षरं कमी कळतात, पण आकड्यांशी माझं बरं जमतं. एकेक घर भरत जायचं, घाई करायची नाही. असली कितीतरी इंजिनं मी सुतासारखी सरळ केलीत.

हे काम दोघांचं असतं. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं शेजारी बसून आकडे भरायचे. भरणारा म्हणतो, "तीन हजारावर धर." मग चालवणाऱ्यानं बोलायचं नाही, इकडंतिकडं बघायचं नाही, पाय तसूभर हलवायचा नाही. भरणारा "सोड" म्हणेल तेव्हाच सोडायचं.

इल्सा क्लाइनिग आणि तिचा नवरा अर्विन असेच वर्षानुवर्षं ती जुनी होल्डन गाडी घेऊन फिरायचे. ती चालवायची, तो निलगिरीची गोळी चघळत आकडे भरायचा. मागच्या वर्षी असंच सरळ रस्त्यावर अर्विननं "तीन हजारावर धर" म्हटलं, आणि इल्सानं धरलं. पंचेचाळीस किलोमीटर धरलं तिनं. पुढं मेंढ्यांचं फाटक आडवं आलं म्हणून थांबावं लागलं, तेव्हा तिनं वळून बघितलं. अर्विनचं बोट लॅपटॉपच्या कळीवर होतं. अंग गार पडायला लागलं होतं.

ही चूक आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. दुसरी बाई असती तर तिनं मध्येच विचारलं असतं, "काय हो, झालं का?"

आता तिला ती गाडी मार्चात गेर्डनरच्या मिठावर, म्हणजे तिथल्या सुकलेल्या खाऱ्या तळ्यावर पळवायची होती. दरवर्षी तिथं गाड्यांचे वेग मोजतात. स्वतः चालवणार म्हणाली, वय वर्षं एकसष्ट. वरच्या वेगाला पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो, तेल चाकाखाली येतं आणि गाडी कोलांट्या खाते. म्हणजे तिचा जीव माझ्या आकड्यांवर होता.

आणि ते आकडे काही केल्या टिकत नव्हते.

रोज मी तीन हजारापासून वरची सगळी घरं भरायचो, जपून ठेवायचो आणि घरी यायचो. दुसऱ्या दिवशी बघावं तर ती सगळी पुसलेली, अर्विननं सोडली होती तशीच्या तशी. असल्या कॉम्प्युटरला स्वतःहून शिकायची खोड असते, म्हणून ते शिकणं मी बंद केलं. धुराच्या पाइपातला सेन्सर बदलला. पाइपाला केसाएवढी चीर सापडली, ती झाळली. ॲडलेडहून नवाकोरा कॉम्प्युटर मागवला. चौथ्या दिवशी नव्यातही अर्विनचेच आकडे! मी पाना भिंतीवर फेकून मारला. सत्तर वर्षांत मी कधी अवजार फेकलं नव्हतं. मग स्वतःच जाऊन उचलून आणला.

तर त्या उत्तरेच्या वाऱ्याच्या दिवशी इल्सानं दारातच विचारलं, "टिकले का?"

"नाही. पार वैतागलो बघ. चल, आज तू चालव. मी बाजूला बसतो. माझ्या डोळ्यांदेखत कोण पुसतो ते बघू."

ती एवढंच म्हणाली, "शेवटी आलास म्हणायचं या वाटेला."

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना खारट झुडपं, आणि पुढं तापलेलं डांबर पाण्यासारखं हलत होतं. मी म्हटलं, "तीन हजारावर धर."

तिनं धरलं. काटा चिकटवल्यासारखा स्थिर झाला. असा पाय मी कुणाचा पाहिला नाही.

मी बोट कळीकडे नेलं, तेवढ्यात घरातला आकडा बदलला. अठ्ठावन्न पॉइंट चार होता, पॉइंट तीन झाला. थांबला. पुन्हा चार झाला. माझा हात अजून हवेतच होता. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. आकडा पुन्हा तीन... पुन्हा चार... सावकाश, अगदी माझ्यासारखाच, एकेक विचार करून. गाडीत तापल्या प्लास्टिकच्या वासात निलगिरीच्या गोळीचा वास मिसळला. मी ती गोळी खात नाही. इल्साही खात नाही.

"सोड," मी म्हणालो.

तिनं सोडलं नाही.

"इल्सा... सोड म्हटलं ना!"

तिची नजर रस्त्यावरच होती. ओठ जेमतेम हलले. "ज्यानं धर म्हटलं... त्यानं सोड म्हणायचं, क्लेम."

"धर मीच म्हटलं!"

"तू आज म्हटलंस."

पंचेचाळीस किलोमीटरवरचं ते फाटक समोर दिसायला लागलं. लहान होतं, मग मोठं व्हायला लागलं. तिचा पाय तसाच होता. मी वाकून किल्ली फिरवली. इंजिन मेलं, गाडी घरंगळत गेली आणि फाटकापासून दोन हातांवर थांबली. नुसता वारा ऐकू येत होता. इंजिन बंद झालं की लॅपटॉपला काही कळायचं कारण नसतं. तरी त्या पडद्यावर चार होते त्याचे तीन झाले.

परत येताना गाडी मी चालवली, बैलगाडीच्या चालीनं. इल्सा शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. शेडमध्ये आल्यावर मी डॅशबोर्डखाली शिरलो आणि कॉम्प्युटर उपसून काढला.

"मिठावर जायचं नाही. या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. मला हे जमलं नाही, इल्सा. माझी हार झाली असं समज."

"त्याचं काम अर्धं राहिलंय रे."

"राहू दे. माणसाची कामं अर्धी राहतात."

तिनं क्वांडाँगचा, म्हणजे आमच्याकडच्या आंबट रानफळाचा जॅम लावलेला पाव पुढं केला. नंतर खाईन म्हटलं. कागदात बांधून घेतला.

घरी येऊन कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. चारही स्क्रू काढले, झाकण उघडं केलं, लॅपटॉप त्याच्या शेजारी ठेवला. आता तिकडं पेट्रोल जाणार नाही की ठिणगी पडणार नाही. ती गाडी म्हणजे आता नुसता धोंडा होता. चहा ठेवला. मनाला जरा हलकं वाटलं. हरलो खरा, पण बाई जिवंत राहील, असं स्वतःला समजावत कप घेऊन अंगणात आलो.

ग्वेन फाटकापाशी नळी धरून उभी होती. पाणी तिच्या चपलांवर पडत होतं आणि तिचं लक्ष नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा रस्त्याकडे.

"क्लेम? अरे, तू इथं कसा... आत्ताच तर इल्साच्या गाडीतून गेलास ना? मी हात केला, तर तिनं ढुंकून पाहिलं नाही. तूच तेवढा लॅपटॉपमधून मान न उचलता हात हलवलास."